चंद्रतालला जायचंय? मग मनालीहून एका दिवसात चढू नका

रील्समध्ये सारखं दिसणारं ते निळंशार तळं म्हणजे चंद्रताल. हिमाचलच्या लाहौल-स्पिती जिल्ह्यात, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे त्याच्या अडीच पटीहून जास्त. आकार चंद्रकोरीचा, त्यावरून हे नाव.

तळ्याचं पाणी चंद्रा नदीला मिळतं. पुढे तांदी इथं चंद्रा आणि भागा एकत्र येतात, तीच चंद्रभागा, म्हणजे चिनाब. पंढरपूरची चंद्रभागा वेगळी. ती भीमाच, फक्त तिथं कोरीसारखी वळलेली.

२००५ साली हे तळं रामसर पाणथळ यादीत गेलं. काठावर तंबू ठोकायला बंदी आहे, कॅम्प काही किलोमीटर अलीकडेच असतात. गाडीही काठापर्यंत जात नाही, शेवटचं अंतर पायीच. इथली शांतता टिकली ती यामुळंच.

तळ्याला एक फेरी मारा. अंतर जेमतेम अडीच किलोमीटर, वाट सोपी, तरी धाप लागते. झाड एकही नाही, उन्हाळ्यात गवतात बारकी फुलं. हिवाळ्यात उजनीला दिसणारे नारिंगी चक्रवाक इथं उन्हाळ्यात भेटू शकतात. सकाळी लवकर पोचा. वारा सुटला की पाण्यातले डोंगर मोडतात.

आता मुख्य मुद्दा. मनाली आहे साधारण २,००० मीटरवर. तिथून निघून त्याच रात्री चंद्रतालच्या कॅम्पवर झोपायचं म्हणजे शरीराला सवय व्हायला वेळच नाही. डोकं ठणकणं, मळमळ, उलटी सुरू होते आणि रात्री त्रास वाढतो. तरुण आहोत, जिम करतो, याचा इथं काही उपयोग नाही. त्यापेक्षा शिमला, किन्नौर करत या, काझाला दोन रात्री थांबा आणि मग कुंझुम खिंडीतून उतरा. दिवस जास्त लागतील, पण तळं नीट बघता येईल. त्रास झालाच तर गोळी घेऊन पडून राहू नका, खाली उतरा.

रस्ता साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच उघडा असतो, आणि त्यातही भरवसा नाही. जुलै २०२३ मध्ये भर मोसमात बर्फ पडला आणि सुमारे ३०० पर्यटक इथं काही दिवस अडकले होते. बाताल ते ग्रांफू पट्ट्यात बर्फ वितळून दुपारनंतर ओढे फुगतात, त्यामुळं परतताना सकाळीच निघा. हाताशी दोन दिवस जादा ठेवा आणि परतीचं तिकीट त्या हिशोबानं काढा.