साडीतला नट आणि चारचौघांतला मुलगा

1905 साली नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, किर्लोस्कर नाटक मंडळीत आले, रंगभूमीवर शकुंतला झाले आणि पुढची कित्येक वर्षं घरंदाज बायका त्यांची साडी आणि केशरचना पाहून आपली बेतू लागल्या. 1964 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. याउलट, तमाशापटांत नाच्या रंगवणारे गणपत पाटील संसारी गृहस्थ होते. तरी प्रेक्षकांनी त्यांच्या पडद्यावरच्या लचकण्यालाच त्यांचा स्वभाव ठरवलं आणि ती चेष्टा त्यांचा पाठलाग करत राहिली. दोघेही बाईपणाचाच अभिनय करत होते. एकाचं बाईपण पांढरपेशा घराला शोभेसं, देखणं होतं, दुसऱ्याचं फडावरचं आणि हसण्यासाठी राखलेलं. तेव्हा आपल्या समाजाला पुरुषातलं बाईपण सरसकट खटकतं असं नाही. ते कोणाचं, कुठे आणि कोणासमोर, यावर सारं ठरतं.

समलिंगी आणि उभयलिंगी तरुण हा हिशेब फार लवकर शिकतो. त्याचं प्रेम कोणाला दिसत नाही, पण चाल, आवाज, हातवारे दिसतात आणि ‘बायल्या’ हा शब्द त्यांनाच चिकटतो. मग तो तालीम गाठतो, आवाज जाड करतो. हीही एक भूमिकाच, फक्त तिला मध्यंतर नाही. मुंबईत रुळलेल्या कोती आणि पंथी या बोलीतल्या शब्दांत ही उतरंड स्पष्ट आहे: बायकी वळणाचा कोती ओळखू येतो आणि मार खातो, मर्दानी वळणाचा पंथी पुष्कळदा लग्न करून पुरुषांत गणला जातो, स्वतःला वेगळा मानतही नाही. उभयलिंगी माणसाला तर लग्न हे आयतंच पांघरूण, आणि त्या पांघरुणाखाली बायकोची काय कुचंबणा होते हे सहसा कोणी विचारत नाही. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ या कादंबरीतला तनय आणि त्याची बहीण अनुजा एकाच माणसाच्या प्रेमात पडतात, घरात बोभाटा होतो तो अनुजाच्या दुःखाचा, तनयचं मात्र मुकं राहतं.

बालगंधर्वांना यात ओढणं अन्याय्य आहे, असा आक्षेप येईल. त्यांच्या खासगी आयुष्याबद्दल इथे काहीच म्हणायचं नाही; मोजायची आहे ती प्रेक्षकांची नजर. समलिंगी प्रेमाचं खूळ पाश्चात्त्य, असंही म्हणतात. प्रत्यक्षात परका होता तो कायदा. अशा संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 इंग्रजांच्या 1860 च्या दंडसंहितेतून आलं. 1990 मध्ये अशोक राव कवी यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढलं तेव्हाही हे कलम लागूच होतं. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळलं. तनयसारख्यांना घरात बोलता यावं, हे मात्र कोर्टाच्या हातात नाही. ते घरच्यांनाच करायचं आहे.