एट्रियल फिब्रिलेशन : नाडी अनियमित होण्यामागचे कारण शोधणे का गरजेचे?

एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांचे ठोके बेताल होणे. हे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. त्यामुळे आत रक्त साचून गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. या आजारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट वाढतो. काहींना धडधड, दम लागणे, थकवा जाणवतो. काहींना काहीच जाणवत नाही.

कारणे कोणती?
उच्च रक्तदाब, झडपांचे आजार, हृदयाची कमजोरी, मधुमेह, लठ्ठपणा, थायरॉइडचा अतिरेक, मद्यपान आणि झोपेत श्वास अडकणे ही प्रमुख कारणे आहेत.

भारतात आणखी एक कारण मोठे आहे. लहानपणी घसादुखीनंतर येणाऱ्या संधिवाताच्या तापाने हृदयाची मायट्रल झडप अरुंद होते. इंडियन हार्ट रिदम सोसायटीने देशभरातील १,५०० हून अधिक रुग्णांची नोंद केली, तेव्हा जवळपास निम्म्यांना झडपेचा हा आजार आढळला.

तपासण्या कोणत्या?
ईसीजीने निदान होते. झडपा व कप्प्यांचा आकार इकोमध्ये दिसतो. सोबत थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, क्षार आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी केली जाते. ठोके अधूनमधूनच बिघडत असतील, तर २४ तास किंवा अधिक काळ होल्टर लावतात.

कारणावर औषध ठरते
झडप निरोगी असल्यास वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात अशा बाबींना गुण देऊन रक्त पातळ करणारी गोळी हवी का, हे ठरते. झडप बरीच अरुंद असल्यास गुण न मोजताच गोळी दिली जाते. अशा रुग्णांत नव्या रिव्हरोक्साबॅनपेक्षा वॉरफेरीनसारखी जुनी औषधे सरस असल्याचे २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत दिसले. त्यासाठी आयएनआर ही रक्ततपासणी नियमित करावी लागते.

रुग्णाने काय करावे?
पनवेल तालुक्यातील गव्हाणसारख्या गावातून शहरातल्या डॉक्टरांकडे जाताना जुने ईसीजी, इकोचा अहवाल आणि सर्व गोळ्या सोबत न्याव्यात. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. बरे वाटले म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नये. तोंड वाकडे होणे, हातातली ताकद जाणे किंवा बोलणे अडखळणे दिसल्यास लगेच १०८ वर फोन करावा.