स्पायरल रॅप रॉड म्हणजे काय? त्यावर गाईड्स कुठे आणि कशी बसवायची?

बेटकास्टिंग रीळ लावलेला रॉड मासा लागल्यावर हातात फिरतो, असा अनुभव तुम्हाला आलाय का? मला आलाय. कोकणातल्या एका खाडीत गरवताना मोठा जिताडा लागला. रॉड वाकला आणि त्याच क्षणी रीळ एका बाजूला कलंडायला लागलं. मासा ओढायचा की रीळ सरळ धरायचं, या गडबडीत लाईन ढिली पडली आणि जिताडा गेला.

मग मी स्पायरल रॅप रॉड बांधायला घेतला. पण पहिल्या प्रयत्नात गाईड्सची जागा चुकली आणि वाळलेलं इपॉक्सी खरवडून सगळं परत करावं लागलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून हा लेख.

रॉड फिरतो का?

बेटकास्टिंग रीळ रॉडच्या वर बसतं, त्यामुळे साध्या रॉडवर गाईड्सही वरच्या बाजूला असतात. मासा ओढतो तेव्हा लाईन प्रत्येक गाईडला खाली दाबते. गाईडची रिंग मात्र काठीच्या वर उभी असते. छत्रीची मूठ तळहातावर उभी धरून बघा. जरा कललं की छत्री पडते, तसंच गाईड खाली फिरायला बघतं आणि सोबत रॉडला पीळ बसतो. गाईड जितकं उंच, तितका हा पीळ जास्त.

तेच गाईड काठीच्या खाली असेल तर ते घंटेसारखं लटकतं. ओढ वाढली तरी जागेवर राहतं. स्पिनिंग रॉड हातात फिरत नाही, त्याचं कारण हेच.

स्पायरल रॅपमध्ये रीळ वरच राहतं, पण लाईन पहिल्या काही गाईड्समधून काठीच्या बाजूने वळसा घेऊन खाली येते. पुढची सगळी गाईड्स आणि टोकाची रिंग खालीच असतात. आपण वरची बाजू ०° धरू आणि खालची १८०°.

वळसा द्यायच्या दोन पद्धती

- सावकाश वळसा: पहिलं गाईड ०°, दुसरं ६०°, तिसरं १२०°, चौथं १८०°. पुढची सगळी १८०°.
- बंपर पद्धत: पहिलं गाईड ०° आणि थोड्या अंतरावर थेट १८०°. या दोघांमध्ये लाईन काठीला जिथे घासते, तिथे बाजूला एक छोटं गाईड. त्याचं काम एकच, लाईन काठीपासून दूर ठेवणं. यालाच बंपर म्हणतात.

पहिल्यांदा बांधत असाल तर बंपर पद्धत घ्या. मोजमाप कमी आणि चूक लगेच दिसते.

माझी चूक काय झाली?

मी रिळापासून सुरुवात केली. पट्टीने अंतरं मोजली, खुणा केल्या आणि दोरा गुंडाळून इपॉक्सी लावलं. रॉड सरळ असताना सगळं छान दिसत होतं. वाकवल्यावर मात्र लाईन पहिल्या दोन गाईड्सच्या मध्ये काठीला घासायला लागली. पट्टीवरचं अंतर ही फक्त सुरुवात असते, खरी जागा वाकलेला रॉडच सांगतो. म्हणून काम टोकाकडून सुरू करायचं आणि वळसा शेवटी ठरवायचा.

गाईड्स बसवायचा क्रम

१. रीळ सीटवर घट्ट बसवा. टोकाची रिंग हॉट ग्लूने १८०° वर चिकटवा. गरम केली की ती परत फिरवता येते.

२. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी कापून बारीक रिंगा करा. गाईड्स सध्या त्यांनीच धरून ठेवायची. दोरा नाही, इपॉक्सी तर नाहीच.

३. १८०° वरची गाईड्स टोकाकडून लावत या. अंतर टोकाशी कमी आणि रिळाकडे वाढत जाणारं ठेवा. माझ्या ७ फुटी रॉडवर टोकापासून १०, २१, ३४, ४८, ६४ आणि ८२ सेंटीमीटर अशी सुरुवात केली होती.

४. पहिलं गाईड (०°) मी टोकापासून १२८ सेंटीमीटरवर, म्हणजे रिळापासून साधारण ५० सेंटीमीटर पुढे ठेवलं. ते रिळाच्या फार जवळ आणलं, तर लाईन रिळाच्या कडेला असताना तिरकी ओढली जाते आणि घर्षण वाढतं.

५. आता लाईन ओवून ताणा. ०° आणि १८०° च्या मध्ये ती काठीला जिथे टेकते, तिथे बंपर लावा.

कोन कसा मोजायचा?

कागदाची पट्टी काठीभोवती गुंडाळा आणि एका फेऱ्याची खूण करा. निम्मी लांबी म्हणजे १८०°, सहावा भाग म्हणजे ६०°. काठी ९ मिलिमीटर जाड असेल तर फेरा सुमारे २८.३ मिलिमीटर, आणि ६०° म्हणजे जेमतेम ४.७ मिलिमीटर. काठी पुढे बारीक होत जाते, म्हणून प्रत्येक जागी नवी पट्टी घ्या.

तपासायला फोन आहेच. कॅमेऱ्याची ग्रिड चालू करा आणि मुठीच्या बाजूने रॉडच्या रेषेत फोटो काढा. एखादं गाईड डावी-उजवीकडे गेलं असेल तर झूम केल्यावर लगेच कळतं.

वाकवून बघायची चाचणी

मूठ घट्ट बांधा, लाईन सगळ्या गाईड्समधून ओवून तिला वजन लटकवा. वजन हळूहळू वाढवा. बाजूने फोटो काढा आणि तीन गोष्टी बघा:

- लाईन कुठेही काठीला टेकते का? टेकत असेल तर बंपर थोडा पुढे-मागे करा.
- एखाद्या गाईडवर लाईन अचानक मोडल्यासारखी दिसते का? मग शेजारची गाईड्स त्याच्याजवळ सरकवा किंवा एक गाईड वाढवा.
- लाईन काठीच्या वाकासोबत सारखी वळत जाते का? मग जागा बरोबर.

एक गाईड हललं की पुन्हा फोटो काढा. मला सात-आठ वेळा सरकवावं लागलं. ब्लँक कार्बनचा असेल तर गरजेपेक्षा जास्त वाकवू नका, तो तुटतो. चष्मा घाला आणि रॉडखाली कुणाला उभं राहू देऊ नका.

नेहमी पडणारे प्रश्न

वळसा डावीकडून की उजवीकडून? पिळाच्या दृष्टीने फरक नाही. होडीच्या काठावर किंवा खडकावर रॉड ज्या बाजूवर टेकवता, त्याच्या विरुद्ध बाजूने वळसा द्या, म्हणजे बंपर घासणार नाही.

वळशामुळेच पीळ बसत नाही का? वळसा रिळाजवळ असतो. तिथे काठी जाड असते आणि कमी वाकते, त्यामुळे बाजूची ओढ हाताला जाणवत नाही.

कास्ट कमी लांब जातो का? माझ्या रॉडवर मला फरक जाणवला नाही.

चाचणीत सगळं जमलं की गाईड्सच्या जागी पेन्सिलीने खुणा करा, मगच दोरा गुंडाळा. इपॉक्सी लावताना हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा. रबरी रिंगांवर असताना गाईड सरकवायला दोन सेकंद लागतात. इपॉक्सी वाळल्यावर त्याच कामात माझा अख्खा रविवार गेला होता.