ब्रिग्गेनची लाकडी घरे आणि अग्निस्तरांची साक्ष

लाकडी वास्तूंनी बनलेल्या वस्तीचा इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे आरंभीच एक अडचण उभी राहते. दगडी वास्तू भग्न झाली तरी तिचा पाया व भिंतींचे अवशेष जागेवर राहतात. लाकूड मात्र जळते, कुजते किंवा दुसऱ्या कामासाठी उचलून नेले जाते. मग जी वस्ती अनेकदा भस्मसात होऊन पुन्हा उभी राहिली, तिला मध्ययुगीन म्हणावयाचे ते कोणत्या अर्थाने? नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बर्गेन बंदरातील ब्रिग्गेन ही वस्ती या प्रश्नाच्या अभ्यासास विशेष उपयुक्त आहे. कारण तेथे जमिनीवरील घरे एक उत्तर देतात आणि जमिनीखालील राखेचे थर दुसरे.

ब्रिग्गेन या शब्दाचा अर्थ धक्का असा आहे. बंदराच्या पूर्व बाजूने चालत गेल्यास त्रिकोणी माथ्याच्या, तांबड्या, पिवळ्या व पांढऱ्या रंगांच्या लाकडी दर्शनी भिंतींची रांग दिसते. या भिंतींवरून घरांची खोली ध्यानात येत नाही. दोन घरांमधील फळ्या अंथरलेल्या अरुंद बोळात शिरल्यावर कळते की, प्रत्येक वाडा धक्क्याशी काटकोन करून आत लांबवर गेलेला आहे. एकावर एक आडवे ओंडके रचून व कोपऱ्यांत खाचा पाडून ते एकमेकांत अडकवून भिंती उभारलेल्या आहेत. वरच्या मजल्यावर बोळाच्या बाजूने सज्जे आहेत व माल वर ओढून घेण्याची सोय आहे. धक्क्याकडील भागात व्यापाऱ्याची कचेरी व बिऱ्हाड, त्यामागे कोठारे, आणि सर्वांत मागे आगीपासून मौल्यवान माल वाचविण्यासाठी बांधलेली दगडी तळघरे, अशी ही रचना होती. मुख्य वाड्यात अग्नी पेटविण्यास मनाई असे; शेकोटी, स्वयंपाक व हिवाळ्यातील एकत्र बैठक यांसाठी मागील बाजूस स्वतंत्र दालने राखलेली असत. आगीचे भय येथे वास्तुरचनेतच उतरलेले दिसते.

आज उभ्या असलेल्या घरांचे वय मात्र फारसे मोठे नाही. १७०२ च्या मे महिन्यातील आगीत बर्गेन शहराचा फार मोठा भाग जळाला व त्यात ही वस्तीही नष्ट झाली. विद्यमान घरे त्यानंतरची होत. तथापि ती बांधताना जुन्याच जागा, जुनेच बोळ आणि जुनीच बांधणीची रीत कायम ठेवण्यात आली. येथे घराचे लाकूड नवे असले तरी भूखंडाची सीमा जुनी आहे, हे अभ्यासकाने प्रथम लक्षात घ्यावयास हवे.

ही सीमा कोणाच्या काळची, हा यापुढील प्रश्न होय. दीर्घकाळ या वस्तीला 'जर्मन धक्का' असेच नाव होते, आणि ते निराधार नव्हते. ल्युबेक आदी जर्मन नगरांच्या हान्सा या व्यापारसंघाने १३६० च्या सुमारास येथे आपली वखार स्थापन केली. सुरतेच्या वा राजापूरच्या वखारींशी परिचित असलेल्या वाचकास या संस्थेचे स्वरूप ओळखीचे वाटेल: परक्या भूमीवर स्वतःचे नियम पाळणारी, अविवाहित पुरुषांची, शिकाऊ उमेदवारांपासून मुख्य व्यापाऱ्यापर्यंत श्रेणी असलेली ती वसाहत होती. उत्तर नॉर्वेत वाऱ्यावर वाळविलेला कॉड मासा येथे येई व त्याच्या बदल्यात धान्य जाई. ही वखार १७५४ मध्ये संपुष्टात आली. वस्तीचे जुने नाव मात्र जर्मन अंमलाचा अनुभव घेतल्यानंतर, १९४५ मध्ये, बदलले. वस्तीची घडण जर्मन व्यापाऱ्यांनीच केली, ही समजूत या नावामुळे रूढ राहणे स्वाभाविक होते.

या समजुतीची तपासणी एका दुर्घटनेमुळे शक्य झाली. ४ जुलै १९५५ रोजी लागलेल्या आगीत वस्तीच्या उत्तरेकडील भागाचा मोठा हिस्सा जळाला. मोकळ्या झालेल्या जागेवर आस्बयर्न हेर्टाइग यांच्या नेतृत्वाखाली त्याच वर्षी उत्खनन सुरू झाले व ते १९६८ पर्यंत सतत चालले. राखेचे व कोळशाचे थर एकाखाली एक उलगडत गेले. लिखित साधनांत बर्गेनच्या मोठ्या आगींच्या नोंदी आहेत: ११७०-७१, ११९८, १२४८, १३३२, १४१३, १४७६ आणि १७०२. यांपैकी ११९८ च्या आगीचा उल्लेख राजा स्वेर्रे याच्या चरित्रगाथेत, तर १२४८ च्या आगीचा वृत्तान्त राजा होकोन याच्या चरित्रगाथेत आढळतो. या नोंदी व थर यांची सांगड घालून दोन थरांमधील अवशेषांचा काळ ठरविण्यात आला. अर्थात लिखित तारीख थराला नुसती चिकटवून भागत नाही. लहानशा आगीची नोंद झालीच असेल असे नाही, आणि मोठी आग प्रत्येक वाड्यापर्यंत पोहोचलीच असेल असेही नाही. म्हणून खापरे व पुढे वृक्षवलये यांच्या साह्याने तो कालक्रम पडताळावा लागतो.

या उत्खननातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली अशी की, धक्क्याशी काटकोनात जाणाऱ्या घरांच्या रांगा व त्यांमधील बोळ ही मांडणी बाराव्या शतकातील थरांतही आढळते. म्हणजे ती हान्साच्या वखारीहून जुनी आहे. प्रत्येक आगीनंतर समुद्रात भराव घालून धक्का पुढे सरकला, जुन्या जहाजांची लाकडेही पायात वापरली गेली, परंतु आराखडा टिकला. दुसरी गोष्ट रूनी लिपीसंबंधीची होय. लाकडाच्या पट्ट्यांवर व हाडांवर कोरलेले सुमारे ६७० लेख येथे मिळाले. अस्लाक लीस्टल यांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत मालाच्या गाठोड्यांना बांधलेल्या, मालकाचे नाव सांगणाऱ्या खुणपट्ट्या आहेत, प्रार्थना आहेत, प्रेमाचे व थट्टेचे मजकूर आहेत. एका पत्रात तर थोरिर फाग्र नावाचा व्यापारी आपल्या भागीदारास धंद्यातील ओढग्रस्तीची हकीकत कळवितो. लॅटिन लिपी आल्यानंतर रूनी लिपी लवकरच मागे पडली असावी, हे पूर्वीचे मत यामुळे सोडून द्यावे लागले. चौदाव्या शतकातही ती बाजारातील नित्याच्या व्यवहारात होती. राजाच्या दप्तरात ज्यांना स्थान नव्हते, अशा नॉर्वेजियन व्यापाऱ्यांचा आवाज या पट्ट्यांनी पुरविला.

लाकडाच्या या पट्ट्या शतकानुशतके टिकल्या त्या भूमीतील ओलाव्यामुळे. पाण्याने भरलेल्या थरांत हवा पोहोचत नाही व कुजण्याची क्रिया मंदावते. १९५५ च्या अग्निक्षेत्रावर पुढे आधुनिक इमारत उभी राहिली. तिच्या पाण्याच्या निचऱ्यामुळे शेजारच्या भूजलाची पातळी उतरली, थर कुजू लागले आणि वरची जुनी घरे खचू लागली. १९७९ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता पावलेल्या या वस्तीच्या रक्षणासाठी विद्यमान शतकात पावसाचे पाणी पुन्हा जमिनीत मुरवून भूजल वर आणण्याचे उपाय योजावे लागले.

उरलेली सुमारे ६२ घरे पाहणारा प्रवासी भिंती व रंग पाहतो. अभ्यासकाचे लक्ष बोळाच्या रेषेकडे व पायाखालील ओल्या मातीकडे जावयास हवे. भिंत तीन शतकांचा वृत्तान्त सांगते. रेषा व माती आठ शतकांचा सांगतात. म्हणून अशा वस्तीचे जतन म्हणजे केवळ घरांची डागडुजी नव्हे. घर जळाले तर ते जुन्या रीतीने पुन्हा बांधता येते, आणि बर्गेनकरांनी ते वारंवार बांधले. परंतु वाळून गेलेला थर पुन्हा रचता येत नाही, आणि त्याबरोबर नाहीशी होणारी साक्ष अन्य कोणत्याही दप्तरात मिळत नाही.