दफ्तरात न नोंदलेले मैदान

गावोगावची मुले आता बाहेर खेळत नाहीत, अशी हळहळ हल्ली सर्वत्र ऐकू येते आणि दोषाचे माप बहुधा मोबाइलच्या पदरात घातले जाते. परंतु हे खेळ पूर्वी कोणाच्या जमिनीवर आणि कोणाच्या वेळात चालत, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. ती करू पाहणाऱ्याने मेडशीसारखे गाव घ्यावे. अकोल्याहून पातूर ओलांडून घाट चढला, की जुन्या दफ्तरांत ज्या प्रदेशाचा उल्लेख पायनघाटाच्या जोडीने बालाघाट असा येतो, त्या वऱ्हाडच्या पठारावर, सागाच्या रानाच्या सान्निध्यात हे गाव लागते. 1998 साली अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा निघाला आणि आज ते मालेगाव तहसिलीत मोडते.

या मुलखातील खेळाचे खरे मैदान म्हणजे खळे. खरिपाची ज्वारी कापून झाली, की जमीन पाणी शिंपून चोपायची, शेणाने सारवायची, मध्यभागी तिवडा रोवून कणसांवर बैलांची पात फिरवायची, असा क्रम असे. आणि ज्वारी पेवात वा कणगीत गेल्यावर जी टणक, निष्कंटक, गुळगुळीत भूमी मागे उरे, तिच्यावर पौष-माघाच्या चांदण्यात राखेच्या रेघा ओढून आट्यापाट्यांचा डाव मांडला जाई. पाटीवरचा गडी रेघेला पाय जखडून दोन्ही हात पसरून उभा, समोरचा उजवीकडे झुकल्याची हूल देऊन डावीकडून निसटलेला, आणि मधल्या सूरपाटीवरचा गडी पाठीमागून केव्हा झडप घालील याचा नेम नाही, असा तो देखावा. लोण घेऊन परतणाऱ्याच्या आरोळीने अर्धे गाव जागे होई. एवढ्या खेळाला खर्च काय, तर चुलीतली राख.

शेते शिमग्यानंतर थेट मृगापर्यंत मोकळी पडत. त्या अवधीत वेचणी संपून उलंगवाडी झालेल्या कपाशीच्या वावरात बाभळीच्या दांड्याने विटी कोलली जाई. उन्हाच्या वेळी आंब्या-चिंचेखाली डाबडुबली चाले: रिंगणातून पायाखालून काठी दूर भिरकावायची, राज्य असलेल्याने ती आणून रिंगणात ठेवीपर्यंत सर्वांनी फांद्या गाठायच्या, आणि तो एकाला शिवायला वर चढला, की दुसऱ्याने उडी टाकून काठी हस्तगत करायची. पावसाळ्यात ओल्या मातीत सळाख रुतवीत गावाबाहेरपर्यंत जायचे. कोणत्या खेळाचा हंगाम केव्हा संपला हे कोणी जाहीर करीत नसे; जमिनीची अवस्थाच ते ठरवी.

सरकारी दृष्टी या जमिनीकडे निराळ्या रीतीने पाही. विदर्भात गुरचरणीची सामाईक जमीन ई-वर्ग म्हणून ओळखली जाते. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमातही विदर्भासाठी निस्तार-पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची तजवीज आहे: गुरे कोठे चरावीत, सरपण, मुरूम कोठून न्यावा, वहिवाटीची वाट कोणती, मासे कोणी धरावेत, याचा तपशील त्यात यावयाचा. त्याच अधिनियमाच्या 22 व्या कलमात राखून ठेवावयाच्या जमिनींची यादी आहे. तीत कुरण आहे, स्मशान आहे, खळवाड आहे, बाजार आहे, मेलेल्या गुरांची कातडी सोलण्याची जागासुद्धा आहे. मुलांच्या क्रीडांगणाचे नाव नाही. ते ‘इतर सार्वजनिक प्रयोजने’ या मोघम शब्दांत शोधावे लागते. यात कायदा करणाऱ्यांचा हेतू दुष्ट होता असे मला वाटत नाही. खेळायला जागा लागते, ही गोष्टच कोणाच्या ध्यानात येण्याजोगी नव्हती, इतकी जागा होती.

ती संपत गेली. गेल्या काही दशकांत ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. मळणीयंत्र वावरातच उभे राहू लागल्याने खळे अनावश्यक ठरले. विहिरी, बोअर आणि तुषार सिंचन यांमुळे सोयाबीनपाठोपाठ हरभरा उभा राहतो. पिकात विटी कोलणाऱ्याला कोणता शेतकरी क्षमा करील? ई-वर्गावर ठिकठिकाणी अतिक्रमणे झाली. अकोला-नांदेड मार्ग राष्ट्रीय महामार्ग होऊन रुंदावला, आणि ज्या रस्त्याच्या कडेने पोरे सायकलचा टायर पिटाळीत जात, तेथे आता मोठ्या माणसालाही थबकून पाहावे लागते. मोबाइल आला तो यांतले पुष्कळसे घडून गेल्यावर. रिकाम्या घरात शिरणाऱ्यावर दरोड्याचा आरोप ठेवू नये.

वेळेचेही तसेच. जुन्या काळचा जो मुलगा दिवसभर रानात असे, तो पुष्कळदा गुराखी असे. त्याचा खेळ चाकरीच्या फटीतला होता आणि त्याच्या नशिबी शाळा नव्हती. मुलींच्या कडेवर धाकटे भावंड असे, म्हणून त्यांच्या वाट्याला बिल्लस आणि सागरगोटे, हाक येताच अर्धवट टाकता येण्याजोगे खेळ, आले. आणि सर्व आळ्यांची मुले एका खळ्यावर येत, असे म्हणणे तर जातिभेदाने जखडलेल्या गावाच्या इतिहासाशी प्रतारणा होईल. असा गुराखी पुढे शाळेत जाऊ लागला याचे दुःख करणारा निबंधकार मला मान्य नाही.

देशी खेळ जपण्याचे प्रयत्नही झाले. अमरावतीच्या वैद्य बंधूंनी 1914 साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना करून देशी खेळांना आखाड्याचा आश्रय दिला. मंडळाच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांची प्रात्यक्षिकेही करून दाखविली. बडोद्याला दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे खंड काढले. खेळ नियमबद्ध झाले, त्यांना पंच मिळाले, शिटी मिळाली. खेड्यातल्या पोराला मात्र यांपैकी कशाची निकड नव्हती. पुढे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरविले, म्हणजे कायद्याने खेळ ओळखला तो शाळेच्या आवारात, घंटेच्या हिशेबाने.

पंचांगाने ज्यांना तिथी दिली, ते खेळ मात्र वऱ्हाडात आजही तग धरून आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलांची सजावट होते. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात आणि झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखण्याची चढाओढ आजही तितक्याच हट्टाने लावतात. त्यासाठी वावर लागत नाही, ओसरी पुरते, आणि तिथी आली की आईलाही नाही म्हणता येत नाही.