पॉलिथीनच्या प्रक्रिया : प्रस्तावना

दौंड तालुक्यात उसाला पाणी देणारी ठिबकची नळी, शेततळ्यात अंथरलेला कागद, तुषार सिंचनाचा पाइप आणि घरी येणारी दुधाची पिशवी, या चारही वस्तू पॉलिथीनच्या असतात. सगळ्यांचा मूळ कच्चा माल इथिलीन वायू. तरीही पिशवी मऊ असते आणि पाइप ताठ. हा फरक बराचसा कारखान्यातल्या प्रक्रियेतून येतो. याच तालुक्यातल्या कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांच्या शेजारी वाढलेल्या विद्यार्थ्यांनी या विषयात यावे, अशी मनापासून इच्छा आहे. त्यांच्यासाठीच हे पुस्तक लिहिले.

प्रक्रियांची तुलना उष्णतेपासून सुरू करावी. एक किलो पॉलिथीन तयार होताना जवळपास ३,४०० किलोज्यूल उष्णता सुटते. तेवढ्यात दहा किलो पाणी वीस अंश सेल्सिअसपासून उकळीपर्यंत जाईल. ही उष्णता सतत बाहेर काढायची आणि तरीही साखळी हवी तशी वाढू द्यायची. प्रत्येक प्रक्रियेने हा प्रश्न आपापल्या परीने सोडवला आहे.

१९३३ मध्ये इंग्लंडमधल्या आय.सी.आय. कंपनीत गिब्सन आणि फॉसेट यांना उच्च दाबाखाली पॉलिथीन मिळाले. या पद्धतीत दाब १,५०० ते ३,००० बारपर्यंत जातो. एका फेरीत थोडेच इथिलीन बदलते. उरलेला वायू उष्णता वाहून नेतो आणि पुन्हा दाबून परत आणला जातो. साखळीला आखूड आणि लांब फांद्या फुटतात, म्हणून माल हलका, मऊ आणि फिल्मला सोयीचा होतो. किंमत मोजावी लागते ती वायू दाबण्याच्या विजेत.

१९५३ मध्ये कार्ल झिग्लर यांनी टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांच्या उत्प्रेरकाने अगदी कमी दाबात सरळ साखळी घडवली. त्यातून कठीण, जास्त घनतेचे पॉलिथीन आले. या उत्प्रेरकाच्या स्लरी पद्धतीत, म्हणजे द्रवात माल तयार करताना, हेक्झेनसारखा द्रव अभिक्रियेची उष्णता उचलतो. मात्र माल वाळवून हा द्रव वेगळा काढावा लागतो आणि शुद्ध करून पुन्हा वापरावा लागतो. वायुअवस्थेतील पद्धतीला द्रावक लागत नाही. २० ते २५ बार दाबाचा वायू खालून येऊन दाणे तरंगत ठेवतो आणि त्यांची उष्णताही नेतो. थंड करण्यात हयगय झाली, तर दाणे वितळून एकमेकांना चिकटतात आणि संयंत्र थांबवावे लागते. ब्युटीनसारखा जोडीदार मिसळला की आखूड फांद्यांचे चिवट पॉलिथीन मिळते. ठिबकच्या नळ्यांना हेच लागते.

हा इतिहास महाराष्ट्रात जवळून पाहता येतो. साठच्या दशकाच्या अखेरीस ठाणे परिसरात नोसिल कंपनीचे, नाफ्थ्यापासून इथिलीन बनवणारे क्रॅकर आले आणि शेजारी जास्त घनतेचे पॉलिथीन बनू लागले. पुढे नागोठण्याच्या पेट्रोरसायन संकुलाने मुंबई हायच्या वायूतून इथिलीन घेतले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. शिवराम यांनी पॉलिओलेफिनच्या उत्प्रेरकांवर काम केले.

म्हणून ‘कोणती पद्धत श्रेष्ठ?’ असे विचारून भागणार नाही. प्रत्येक प्रकरण वाचताना चार गोष्टी विचाराव्यात: उष्णता कोण नेते, न बदललेले इथिलीन कुठे जाते, साखळीचा आकार कसा ठरतो, आणि हा माल कोणत्या कामाला योग्य? पुनर्वापरातही याच प्रश्नांची उत्तरे लागतात, कारण वेगवेगळ्या प्रक्रियांचे पॉलिथीन एकत्र वितळवले की पुढच्या मालाचे गुण बदलतात. शेतातली जुनी नळी आणि फाटका कागद पुन्हा कामाला लावण्याचे मोठे काम बाकी आहे. त्यासाठी प्रक्रिया नीट जाणणारी माणसे हवीत. ती या तालुक्यातूनही यावीत.