वर्ध्याची ऑक्सफर्ड : बैल जुंपलेल्या अमेरिकी मोटारीची कुळकथा

अमेरिकी मोटारींच्या इतिहासात ज्यांना ‘मसल कार’ म्हणतात, त्यांचे लक्षण म्हणजे मध्यम आकाराच्या, सामान्य कुटुंबाला परवडणाऱ्या सांगाड्यात बसवलेले मोठ्या गाडीचे ताकदवान इंजिन. १९६४ साली जनरल मोटर्सच्या पॉन्टिअॅक विभागाने टेम्पेस्ट या मध्यम गाडीत ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटर क्षमतेचे इंजिन घालून जीटीओ ही गाडी काढली आणि या जातीचा आरंभ सामान्यतः तिथून मानला जातो. तिची पाळेमुळे मात्र १९३२ पर्यंत मागे जातात. त्या वर्षी हेन्री फोर्ड यांनी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे दोन ओळींत मांडलेल्या आठ सिलिंडरांचा ठोकळा एकाच ओतकामात घडवून, तोवर मुख्यतः महागड्या गाड्यांत आढळणारे हे इंजिन स्वस्त केले, आणि पुढे तरुण मंडळी जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड, टप व बॉनेट उतरवून त्या केवळ इंजिनाच्या जोरावर पळवू लागली. सांगाडा उघडा पडला तरी चालेल, इंजिन मात्र हवे, ही त्या परंपरेची मूळ धारणा होय. गांधीजींच्या सेवाग्राम-पर्वात वर्ध्यात एका फोर्ड मोटारीचे नेमके उलट झाले : इंजिन गेले आणि सांगाडा राहिला.

फोर्ड गाड्या हिंदुस्थानात अमेरिकेतून थेट येत नसत. ब्रिटिश साम्राज्यातील बहुतेक विक्रीचे हक्क फोर्डच्या कॅनडातील कंपनीकडे होते आणि तिच्याच शाखेने १९२६ पासून मुंबईत सुटे भाग जोडून गाड्या बांधण्यास आरंभ केला. कापसाच्या व्यापारावर समृद्ध झालेल्या वर्धा, हिंगणघाट, आर्वी या गावांतील पेढीवाल्यांना अशी मोटार अप्राप्य नव्हती. वर्ध्याच्या बच्छराज घराण्यात दत्तक आलेल्या आणि गांधीजींचे निकटचे सहकारी असलेल्या जमनालाल बजाज यांच्याकडेही फोर्ड होती. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याहून पायी निघून शेगावला, म्हणजे १९४० नंतरच्या सेवाग्रामला, राहावयास गेले. हे अंतर आठेक किलोमीटरचे. काळ्या मातीची ती वाट पावसाळ्यात चिखलाने भरून जाई, तर आश्रमाकडे देशविदेशांतील पाहुण्यांची रीघ लागलेली असे. या वाटेवर जमनालालजींच्या जुन्या फोर्डचे इंजिन काढून तिला बैलांची जोडी जुंपण्यात आली आणि तिच्यातून गांधीजींची व पाहुण्यांची ने-आण होऊ लागली. बैलाला इंग्रजीत ‘ऑक्स’ म्हणतात, म्हणून मंडळींनी तिचे नाव ‘ऑक्सफर्ड’ ठेवले.

हे नाव गमतीचे असले, तरी वाहन गमतीचे नव्हते. विदर्भातील बंडी, म्हणजे ओझ्याची बैलगाडी, दोन चाकांची असते. लाकडी तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यात, आरे बसवून त्यांभोवती पुठ्ठे, म्हणजे चाकाच्या कडेचे लाकडी वक्र तुकडे, जोडलेले असतात आणि त्यांवर लोखंडी धाव तापवून चढवलेली असते. तुंबा आणि आस एकमेकांवर थेट घासत असल्याने वंगण वरचेवर घालावे लागते, प्रत्येक खड्ड्याचा हिसका बसणाऱ्याच्या पाठीपर्यंत पोहोचतो, आणि ओझे पुढे कलले की त्याचा भार जुवाखालच्या मानेवर पडतो. मोटारीच्या चार चाकांवर सारा भार जमिनीवर टेकलेला असतो, त्यामुळे बैलांना केवळ ओढावे लागते, पेलावे लागत नाही. त्याशिवाय चाकांत बेअरिंग, खाली स्प्रिंगचे पाटे आणि बाहेर हवा भरलेले टायर असतात. फोर्डच्या अभियंत्यांनी अमेरिकेतील खेड्यांच्या कच्च्या रस्त्यांसाठी घडवलेले हे गुण इंजिन काढल्याने नाहीसे होत नाहीत.

बैल वा घोडे जुंपलेली मोटार हा एकट्या वर्ध्याचा शोध नव्हे. १९२९ नंतरच्या आर्थिक मंदीत अमेरिकेच्या दक्षिणेकडील शेतकऱ्यांना पेट्रोल परवडेना, तेव्हा त्यांनी जुन्या मोटारींची चाके आणि आस वापरून खेचरांनी ओढायच्या गाड्या केल्या आणि राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्यावरील रोषातून त्यांना ‘हूवर कार्ट’ म्हटले. कॅनडात अशाच घोडे जुंपलेल्या मोटारींना पंतप्रधान बेनेट यांच्या नावावरून ‘बेनेट बगी’ हे नाव पडले. ऑक्सफर्डची गणना या कुळात व्हावयास हवी, पण तिची जन्मकथा वेगळी आहे. तिकडे मोटारवाला दरिद्री झाला म्हणून जनावर जुंपले गेले, तर वर्ध्यातील धनी संपन्न होता आणि बैल ही त्याची निवड होती. त्याच जमनालालजींनी १९४१ मध्ये गोसेवा संघाची उभारणी केली आणि गोपुरीतील झोपडीत राहून अखेरचे दिवस गोवंशाच्या कार्याला वाहिले.

या निवडीत यंत्राचा तिटकारा शोधणे चुकीचे ठरेल. वर्ध्यातच मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली ग्रामोद्योग संघ तेलघाणी, चूल आणि दिवा यांच्या सुधारित रचना तयार करत होता. १९२९ मध्ये तर सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर झाले होते. बेअरिंग आणि टायर घेऊन शक्ती मात्र गोठ्यातली वापरणे, हे त्याच विचाराचे वाहनरूप होते. फोर्डशी झालेल्या या देवघेवीची दुसरी बाजूही वर्ध्यातच घडली : २५ जुलै १९४१ रोजी गांधीजींनी सेवाग्रामहून हेन्री फोर्ड यांना पत्र लिहिले आणि सोबत सही केलेला चरखा पाठवला. पत्रकार टी. ए. रामन यांच्यामार्फत तो मिशिगनला पोहोचला, तेव्हा पर्ल हार्बरवर हल्ला होऊन अमेरिका युद्धात उतरलेली होती. शांततावादी म्हणून एके काळी गाजलेल्या फोर्ड यांनी ती भेट जपून ठेवली.

ऑक्सफर्डसारख्या गाडीच्या जतनाचा प्रश्नही वेगळा आहे. जुन्या अमेरिकी मोटारींचे जीर्णोद्धारक गाडीची किंमत ठरवताना सांगाड्यावरील आणि इंजिनावरील क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी जुळतात की नाही हे प्रथम पाहतात, कारण कारखान्यातून निघाली त्या रूपाला ते मूळ रूप मानतात. मसल कारसाठी ही कसोटी रास्त आहे, कारण तिचे सारे मोल त्या इंजिनातच असते. परंतु ज्या गाडीचा इतिहास इंजिन निघाल्यावरच सुरू झाला, तिच्यात नवे इंजिन बसवून रंग चढवणे म्हणजे तिचा इतिहास पुसणे होय. अशा वाहनाचा जीर्णोद्धार करणाऱ्याला मेकॅनिकइतकीच जू घडवणाऱ्या सुताराची गरज आहे.

चारचाकी ऑक्सफर्डचा वंश वाढला नाही. तिला वळायला रुंद जागा लागते, आणि शेताच्या बांधावरून किंवा नाल्याच्या उतारावरून दोनचाकी बंडीच सहज निभावते. टायर मात्र टिकला. डनलॉप कंपनीने बैलगाड्यांसाठी हवेच्या टायरांची चाके आणली, १९३६ मध्ये तिचा बंगालमधील साहागंजचा कारखानाही सुरू झाला, आणि पुढे मोटारींचे वापरलेले टायर व आस स्वस्तात मिळू लागल्यावर गावोगावच्या लोहारांनी त्यांच्यावर बंडीची साटी, म्हणजे वरचा लाकडी सांगाडा, चढवली. वर्धा जिल्ह्यात टायरची बंडी कापूस बाजारात नेऊ लागली ती याच मार्गाने.